आपला नवल भथेना कोण?



मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. नंबर परदेशातला होता. राशीन भागातल्या एका वस्तीवरचा मुलगा कतारहून बोलत होता. तो निघाला तेव्हा आम्ही विहारात त्याचा सत्कार केला होता. शाल, बाबासाहेबांची तसबीर, मोबाईलवर फोटो आणि "समाजाचं नाव काढ" असे बजावणारी तीन भाषणे. त्यातले एक भाषण माझे होते. त्याला एकोणीस दिवस झाले होते आणि आता तो म्हणत होता, "ताई, कामाचं काय नाय, काम करतोय. पण खिशात एक रियाल नाय. पगार कधी व्हणार ते कोण सांगंना. खोलीतल्या नेपाळी पोरांनी चार दिस जेवू घातलं, आता त्यांच्यापुढं ताट धरायची लाज वाटती."

मी विचारले, जाताना किती पैसे नेले होतेस? तीन हजार रुपये, तेही भारतीय नोटा. विमानतळावर बदलल्यावर त्यातून सिमकार्ड आले आणि दोन दिवसांचे जेवण निघाले. एटीएम कार्ड? ते घरी मोठ्या भावाकडे ठेवले होते, पिनसकट.

त्या रात्री मला राग आला तो त्याच्यावर नाही, आमच्यावर आला. भाषण करणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकानेही त्याला विचारले नव्हते की, बाळा, पहिला पगार होईपर्यंत खाणार काय?

कर्जत म्हटले की मुंबईच्या वाचकाला लोकल आठवते. हे ते कर्जत नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्यातले दुष्काळी कर्जत आहे, इथे लोकल काय, रेल्वेच येत नाही. इथून माणसे बाहेर पडतात ती बहुतेक कोयता घेऊन, ऊसतोडीला. ऊसतोडीचा मजूर उचल घेऊन निघतो. म्हणजे आधी कर्ज, मग काम, मग त्या कर्जातून मजुरीची वजावट. आता आमची काही पोरे दोहा, दम्माम, दुबईला जाऊ लागली आहेत. इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हेल्पर. घरच्यांना वाटते, पोरगा कोयत्यातून सुटला. पण त्या मुलाचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला कोयत्याचाच हिशेब दिसला, फक्त अंतर वाढले होते.

एजंटाने त्याच्याकडून एक लाख दहा हजार घेतले होते. पावती दिली नव्हती. हे पैसे गावातून शेकडा पाच महिना व्याजाने काढलेले. म्हणजे नुसते व्याजच महिन्याला साडेपाच हजार. पगार एक हजार रियाल, जेवणाचे तीनशे वेगळे, राहायला कंपनीची खोली. हजार रियालचे त्या वेळच्या दराने साधारण तेवीस हजार रुपये होत होते. पहिल्या दिवसापासून जवळपास चौथाई पगार सावकाराच्या नावे लिहिलेला होता, आणि मुद्दल तसेच उभे.

कायदा काय म्हणतो? १९८३ चा उत्प्रवास कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. एकूण ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. आपल्या मुलाने त्याहून ७४,६०० रुपये जास्त दिले, आणि त्या जादा पैशाचेच व्याज महिन्याला ३,७३० रुपये भरले. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येते. त्या पाच मिनिटांची किंमत लाखाच्या घरात गेली. मुलगा बारावी पास आहे. ज्यांनी त्याचा सत्कार केला त्यांच्यात दोन पदव्युत्तर होते.

आता जरा मागे, शंभर वर्षे मागे जाऊ या. बाबासाहेबांच्या परदेशातल्या शिक्षणाचा इतिहास आपण पदव्यांच्या यादीने सांगतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. बॅनरवर तेवढेच मावते. त्याच वर्षांचा पैशाचा इतिहास आपण सांगत नाही. तो सांगायला हवा, कारण त्यात आपल्या आजच्या पोरांचे दुखणे जसेच्या तसे आहे.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कमध्ये राहायचे, खायचे, जुन्या बाजारातून पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, हे आपल्याला माहीत असते. पोटाला चिमटा म्हणजे काय, हे मात्र आपण शोभेच्या वाक्यासारखे बोलून टाकतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पैसे संपले म्हणून शिक्षण थांबले. बाबासाहेबांचेही थांबले होते.

मग सिडनहॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी केली, त्यातून शिल्लक टाकली आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. या खेपेला संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये होते आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते नवल भथेना या पारशी मित्राने. न्यूयॉर्कला लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये दोघे एकत्र राहिले होते, तेव्हापासूनची ही मैत्री. (१९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन हुसकावणारेही पारशी होते आणि आयुष्यभर पाठीशी उभा राहिलेला मित्रही पारशी होता. माणसे जातीच्या किंवा धर्माच्या मापाने मोजणाऱ्या आपल्यातल्या काही उत्साही मित्रांनी हे लक्षात ठेवावे.)

आता हा तपशील पाहा. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव चढून अडीच शिलिंगांच्याही वर गेला होता. सरकारने दर दोन शिलिंगांवर बांधायचा घाट घातला, तो फसला, आणि १९२१ मध्ये रुपया घसरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने ५०० पौंड होतात. सव्वा शिलिंगाच्या दराने ३१२. लंडनमधल्या माणसाने काहीही उधळपट्टी केलेली नसते, तरी रुपयांत असलेली त्याची शिल्लक अशी वितळते. १९२१ मध्येच बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. दान म्हणून नव्हे, परत देण्याच्या बोलीवर. पुढे एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, प्रबंधात दुरुस्त्या करून इथूनच पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न! ज्या विनिमयदराचा ते ग्रंथालयात बसून अभ्यास करत होते, तोच दर त्यांच्या जेवणाच्या ताटात येत होता. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडले की रुपया स्वस्त ठेवण्याने व्यापारी-मालकांचा फायदा होतो आणि तो मजुराच्या खिशातून जातो, कारण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागाहून. चलनाकडे मजुराच्या बाजूने पाहणारा हा माणूस आपला नेता आहे आणि आपल्या विहारात विनिमयदर या शब्दाचा उच्चार मी आजवर ऐकलेला नाही.

माझा मुद्दा पुढचा आहे. बाबासाहेबांची बुद्धी होती, कष्ट होते, रमाईने परळच्या चाळीत काढलेले दिवस होते. हे सगळे असूनही वेळेवर पाच हजार रुपये देणारा माणूस नसता तर जुलै १९२० ची बोट त्यांना मिळाली असती का? समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. पिएर बोर्द्यूने त्यावर सविस्तर लिहिले आहे. साध्या भाषेत, अडल्या वेळी कोणाला फोन करायचा ते नाव. सवर्ण घरातला मुलगा परदेशी जातो तेव्हा तिथे आधीच कोणाचा तरी मामा असतो, आतेबहीण असते, गावचा कोणी असतो. पहिला महिना तो त्यांच्याकडे काढतो. मामा त्याला बँकेत नेतो, सिम घेऊन देतो, दोनशे डॉलर हातावर ठेवतो. हे कोणत्याही आकडेवारीत येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे देशात सर्वांत जास्त होता. केरळही त्यामागे. पण त्या पाहणीत जातीचा रकाना नाही. आपल्या पोराला तिथे मामा नाही, हे त्या टक्केवारीतून कसे कळणार?

पहिल्या महिन्याचा पेच नीट समजून घ्या, कारण तिथेच सगळे फसते. कतारमध्ये निवासाचे ओळखपत्र हाती आल्याशिवाय कामगाराचे बँक खाते उघडत नाही. पगार २०१५ पासून वेतन संरक्षण पद्धतीने, म्हणजे बँकेतूनच द्यावा लागतो. ही पद्धत चांगलीच आहे, पगार दिला की बुडवला याची सरकारी नोंद राहते. पण ओळखपत्राला काही आठवडे लागतात, मग खाते, मग कार्ड, आणि पगार महिना भरल्यावर. आमच्या मुलाच्या हातात पहिली रक्कम बावन्नाव्या दिवशी पडली. ते बावन्न दिवस कसे काढायचे, याचे उत्तर एजंट देत नाही आणि करारातही नसते. मग कोणी तरी शंभर रियाल देतो आणि दीडशे मागतो. काही कॅम्पांवर कार्ड आल्यावर ते सुपरवायझरकडेच "जपून" राहते, असेही आमच्या दुसऱ्या एका मुलाने सांगितले. कार्ड दुसऱ्याच्या खिशात असेल तर पगार कागदावर पूर्ण दिसतो आणि हातात अर्धा येतो. पासपोर्ट आणि एटीएम कार्ड या दोन वस्तू कोणाच्याही हातात द्यायच्या नाहीत, हे मी आता प्रत्येकाला दरडावून सांगते.

घरून निघताना परकीय चलनाच्या नोटा नेता येतात, नियमानुसार एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत. आपल्याला तेवढ्या कुठल्या, दीडशे-दोनशे डॉलर नेले तरी पहिला महिना माणसासारखा जातो. ते कर्जतला मिळत नाहीत, नगरला किंवा पुण्याला अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे लागतात. आणि तिथल्या यंत्रातून भारतीय कार्डाने पैसे काढावेच लागले, आणि यंत्राने विचारले की रकमेचा हिशेब रुपयांत करू का, तर नाही म्हणायचे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो म्हणून आपली पोरे तोच दाबतात, आणि यंत्रवाला स्वतःच्या मनाचा महाग दर लावतो.

आता घरच्या टोकाकडे येते, कारण खरी लाज तिथे आहे. या मुलाने पाठवलेला पैसा त्याच्या जुन्याच बचत खात्यात येत होता आणि कार्ड मोठ्या भावाकडे होते. बायकोला गॅस टाकी आणायची तरी दिराकडे हात पसरावा लागे. ती मला म्हणाली, "ताई, नवरा दुबईला गेला म्हणून लोक मला शेठाणी म्हणत्यात आणि मी पोराच्या वहीला वीस रुपये मागत फिरते." (कतार, दुबई, सगळे गावाला दुबईच.) आपण हिंदू कोड बिलाचा इतिहास सांगतो, स्त्रीच्या संपत्तीच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले म्हणून अभिमानाने सांगतो. आणि घरचे एटीएम कार्ड भाऊबंदकीत ठेवतो.

हे टाळणे अवघड नाही. घरखर्चाची रक्कम थेट बायकोच्या स्वतःच्या खात्यात पाठवायची. त्यावर तिला कर लागत नाही. शिल्लक टाकायची ती स्वतःच्या एनआरई खात्यात. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाने साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचे असते आणि परदेशातल्या कमाईसाठी एनआरई उघडायचे असते. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, एनआरओच्या व्याजातून मात्र तीस टक्क्यांनी कपात होते. एनआरई खात्यावर बायकोला व्यवहाराचे अधिकारपत्र देता येते. आम्ही बँकेत गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी आधी मला आणि मग तिला नखशिखांत पाहिले आणि म्हणाले, हे खाते तुमच्यासाठी नसते. मी नियम सांगितला. साहेब म्हणाले, उद्या या. आम्ही चार उद्या गेलो. चौथ्या उद्याला अर्ज मिळाला.

हवालाचे लोक म्हणतील, कशाला ही कटकट, आमचा माणूस संध्याकाळी घरपोच रोकड आणून देतो. देतो, खरे आहे. पण तो पैसा कागदावर नसतो. उद्या घरासाठी कर्ज हवे असेल, कोर्टात मिळकत दाखवायची असेल, आणि नवराच नाकबूल झाला तर पोटगी मागायची असेल, तेव्हा त्या बाईकडे दाखवायला काहीच नसते. शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. अधिकृत एक्स्चेंजमधून पाठवताना "फी शून्य" या पाटीला भुलायचे नाही, घरी रुपये किती पडणार एवढेच विचारायचे. आठशे रियालवर दरात आठ आणे कमी मिळाले तरी चारशे रुपये गेले.

काही मित्र म्हणतात, हे बँकेचे काम झाले, चळवळीचे नव्हे. चळवळीने मोर्चा काढावा, सरकारला जाब विचारावा. जाब विचारायलाच हवा. आपल्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनमधला निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. ब्रिटनच्या व्हिसा खात्याने जानेवारी २०२५ मध्ये लंडनला शिकायला येणाऱ्याकडे महिन्याला १,४८३ पौंड असावेत अशी अट घातली होती. त्या हिशेबाने महिन्याला साडेसहाशे पौंडांची ही दरी कोणी भरायची? हप्ता उशिरा आला की आपली पोरे घरभाड्यासाठी हॉटेलात भांडी घासतात, त्यात कमीपणा नाही, पण परीक्षेच्या आठवड्यात घासतात. यासाठी भांडलेच पाहिजे. पण मोर्चा निघेपर्यंत दोह्यातला मुलगा उपाशी ठेवायचा का? शाहू महाराज आणि भथेना दोघेही लागले होते. राज्याची मदतही आणि मित्राचे कर्जही.

म्हणून माझा प्रस्ताव आहे, तालुक्यापुरता. साठ घरांनी महिन्याला दोनशे रुपये द्यायचे. महिन्याला बारा हजार, वर्षाला एक लाख ४४ हजार. परदेशी निघालेल्या मुलाला किंवा मुलीला पंधरा हजार बिनव्याजी, पगार सुरू झाल्यावर पाच हप्त्यांत परत. हे दान नाही, सत्कारही नाही. अट एकच, एजंटाची पावती, कराराची प्रत आणि बायकोच्या किंवा आईच्या नावाचे खाते दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. त्यामुळे तो पंधरा हजार घ्यायला येईल तेव्हाच त्याचे एक लाख दहा हजार वाचवता येतील. दहावी पास नसलेल्यांना आखाती देशांसाठी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ऊसतोडीत शाळा बुडालेली आपली पोरे नेमकी त्या रकान्यात पडतात. त्यांच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे अपघाती संरक्षण असते, दोन वर्षांना हप्ता २७५ रुपये. किती घरांना हे ठाऊक आहे? मला भेटलेल्यांपैकी एकालाही नव्हते.

आक्षेप येईलच, तो मीच लिहून टाकते. आपल्याकडे वर्गणी गोळा होते, हिशेब होत नाही. खरे आहे. जयंतीच्या डीजेचे बिल किती झाले हे विचारले म्हणून मला एका बैठकीत "तुम्ही बाहेरच्या संस्थेच्या बाई" असे ऐकवले गेले. म्हणून पैसे कोणा भाऊंच्या खिशात नको. बायकांच्या बचत गटाच्या खात्यात ठेवा, तीन सह्यांनी काढा आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचा. भथेनांकडून पैसे उसने घेताना बाबासाहेबांना आकडे लिहून कळवावे लागत होते, आपल्यालाच त्याचा कमीपणा का वाटावा?

तो मुलगा आता स्थिरावला आहे. सावकाराचे निम्मे मुद्दल फिटले. कतारच्या नंबरवर त्याच्या एनआरई खात्याचे यूपीआय चालू झाले आहे. परवा त्याने फोन करून विचारले, "ताई, त्या नेपाळी पोरांचं देणं फेडलं. आता फंडाला माझे दोनशे कुठं पाठवू?" गटाचा खाते क्रमांक दिला. यादीत आजवर तेवीस घरे झाली आहेत. येत्या पौर्णिमेला मिरजगावच्या बाजूच्या दोन वस्त्यांवर जायचे आहे. कोणाकडे दुचाकी असेल तर कळवा.